वीस ते अठ्ठावीस इंच : रॉकपोर्टच्या उथळ पाण्यात तीन दिवस

बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतरही खिशात स्टीलची टेप असते, ह्यूस्टनला येतानाही ती बॅगेत होती. आल्यापासून आमच्या घराचं कुंपण, शेजाऱ्याचं कुंपण, वॉलमार्टच्या पार्किंगमधला एक खांब असं काय काय मोजून झालं होतं. महिनाभरात कंटाळले. "हंय पाणी खंय आसा?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मनावर घेतलं. आचऱ्याच्या खाडीत गरवण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला किती दिवस मॉल दाखवणार?

भाऊबीज झाल्यावर लगेच शुक्रवार ते रविवार टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या रॉकपोर्टला जायचं ठरलं. बाबा, मी, नवरा (नागपूरचा, माशांशी ओळख पापलेटपुरती) आणि अकरा वर्षांची लेक. शनिवारी सकाळी गाईड आणि त्याची बोट, बाकी आपलं आपण.

शुक्रवार

ह्यूस्टनहून तीन-साडेतीन तास. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कापसाची रिकामी शेतं, पवनचक्क्या, पुन्हा शेतं. कोपानो बेच्या लांबलचक पुलावर चढलो की दोन्ही बाजूंना पाणी येतं, आणि गाडीत पहिल्यांदा सगळे गप्प होतात.

पुलाच्या अलीकडे लामारला गूज आयलंड स्टेट पार्कमधला 'बिग ट्री' पाहिला. हजार वर्षांहून जुना लाइव्ह ओक. २५ ऑगस्ट २०१७ ला हार्वी वादळ याच किनाऱ्यावर चौथ्या श्रेणीचं होऊन आदळलं. गावातली घरं, धक्के, छपरं गेली, हा म्हातारा उभा राहिला. भोवती कुंपण असल्याने टेप लावता येईना. बाबांनी डोळे बारीक करून "तीसाच्या वर, पस्तीस फूट" म्हणून बुंध्याचा घेर जाहीर केला. फलकावर पस्तीसच होता. त्या संध्याकाळी त्यांची मान जरा ताठ होती.

आम्ही घेतलेल्या भाड्याच्या घराला स्वतःचा लाकडी धक्का होता, आणि धक्क्याच्या टोकाला पाण्यावर रोखलेला हिरवा दिवा. ही या किनाऱ्यावरची सर्रास पद्धत. दिव्याला किडे आणि बारीक मासळी येते, तिच्यामागे कोळंबी, कोळंबीमागे ट्राउट. काळोख पडल्यावर उजेडाच्या कडेवर सुळकन सावल्या फिरायला लागल्या. लेक आणि बाबा पोटावर झोपून तासभर नुसते बघत होते. लेक इंग्रजीत बोलत होती, बाबा मालवणीत, आणि कुणाला दुभाषा लागत नव्हता.

परवान्याचं इथेच सांगते, कारण आम्ही तो रात्री अकराला काढत बसलो. टेक्सासमध्ये सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, गाईड सोबत असला तरी. पाहुण्यांसाठी एकेका दिवसाचा मिळतो, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. फक्त एक लक्षात ठेवा: वर्षभराच्या परवान्याबरोबर मापाबाहेरचा एक मोठा रेडफिश (इथला तांबूस मासा) ठेवता यावा म्हणून टॅग मिळतो, एका दिवसाच्या परवान्यावर तो मिळत नाही. आम्ही सगळे एका दिवसावाले. याचा फटका पुढे बसला.

शनिवार

पावणेसातला धक्क्यावर हजर. ऑक्टोबरअखेर इथे सूर्य साडेसातनंतर उगवतो, त्यामुळे पूर्ण काळोख. कॅप्टन साठीचा, हाताला सालपटं निघालेली, बोलणं कमी. हस्तांदोलन झालं आणि त्याची नजर बाबांच्या हातातल्या पिशवीवर गेली. पिशवीत दिवाळीच्या चकल्या होत्या, आणि सहा केळी.

केळी बोटीवर नेणं म्हणजे मोठा अपशकुन! इथल्या मच्छीमारांचा हा जुना आणि पक्का समज. कॅप्टन हसला नाही. मी बाबांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. आपल्याकडे सत्यनारायणाला केळीचे खांब लागतात आणि इथे केळं वर्ज्य. शेवटी केळी गाडीत ठेवली. चकल्या चालल्या. कॅप्टनने पाच खाल्ल्या.

अरान्सस बे ओलांडून सॅन होजे बेटाच्या आतल्या बाजूला गेलो. बोट सपाट तळाची, कारण इथे पाणीच नाही. म्हणजे मैलोन्मैल पसरलेलं आहे, पण गुडघाभर, कंबरभर. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला: भरती कितीला? कॅप्टन म्हणाला, इथे भरतीपेक्षा वाऱ्याला विचारावं लागतं. या उपसागरांत भरती-ओहोटीचा फरक फूटभरही नसतो. दक्षिणेचा वारा पाणी आत ढकलतो, उत्तरेचा बाहेर. सात-आठ फुटांच्या भरतीवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला. किनाऱ्याला मात्र त्यांनी लगेच ओळखलं. "तिवर!" काळी कांदळं आणि आपली तिवरं एकाच कुळीची, चिखलातून वर आलेली श्वासमुळं थेट आचऱ्यासारखी.

सुरुवात ट्राउटपासून. नारिंगी बूच, त्याखाली दोन फुटांवर गळाला जिवंत कोळंबी. काठीला झटका दिला की बूच पाण्यात 'ब्लुप्' करतं आणि तारेवरचे मणी खडखडतात. खालच्या माशाला वाटतं, वर कुणीतरी कोळंबी फस्त करतंय. मग तो हावरटासारखा येतो. कॅप्टन मात्र काठीकडे बघतच नव्हता. तो नाक वर करून हवा हुंगत होता. मग एकदम बोट वळवली. पाण्यावर ताटाएवढा तेलकट तवंग होता आणि वास चक्क कापलेल्या कलिंगडाचा. ट्राउट खाली खात असले की हा तवंग वर येतो. मी हे आधी कुठेतरी वाचलं होतं आणि थाप समजले होते. थाप नाही. लेकीलाही वास आला, नवऱ्यालाही.

पुढचा अर्धा तास कुणाला बोलायला फुरसत नव्हती. ट्राउट म्हटलं तरी हा हिमाचलातल्या नदीतला ट्राउट नव्हे. अंगावर काळे ठिपके, तोंड आतून पिवळं, पुढे दोन सुळे. बाबांनी पहिला हातात घेतला, उलटा केला, जबडा उघडून बघितला आणि निकाल दिला: "हो तर घोळीचो भाव." म्हणजे भाऊ. मला वाटलं, म्हातारा उगाच सांगतोय. पण बरोबर होतं. हा ट्राउट, रेडफिश आणि आपली घोळ, ढोमी ही सगळी एकाच कुळातली. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढणारी म्हणून इंग्रजीत या कुळाला 'ड्रम' म्हणतात. ती पिशवी म्हणजे घोळीचं भोत. २०२१ साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेवर घोळी मिळून रातोरात कोट्यधीश झाल्याची बातमी आली होती, ती या भोताला मिळणाऱ्या किमतीमुळेच. हे कॅप्टनला सांगितलं तर त्याने हातातल्या ट्राउटकडे नव्याने बघितलं.

प्रत्येक मासा वर आला की मापपट्टीवर. ट्राउट १५ ते २० इंच असेल तरच ठेवायचा, माणशी तीन. पूर्वी जास्त चालत. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर अंदाजे ३८ लाख मासे मेले, त्यात ट्राउटला मोठा फटका बसला. त्यानंतर नियम आवळत गेले. वीस इंचांवरचे ट्राउट बहुतेक माद्या असतात, म्हणून मोठा मासा सोडायचा. बाबांना हे उफराटं वाटलं. आपल्याकडे लहान सोडतात, तेही सोडले तर.

मध्येच माझ्या गळाला जड काहीतरी लागलं आणि वर आला शिंगाळा! तोच मिशाळ, तोच चिकट, तेच विषारी काटे. कॅप्टनने चिमटा शोधेपर्यंत बाबांनी दोन बोटं काट्यांच्या मागून सरकवून त्याला सफाईने धरला आणि गळ सोडवला. कॅप्टनच्या भुवया वर गेल्या. मग त्याने खुणेने सांगितलं, फेकून द्या.

"फेकू? शिंगाळो?"

इथे हा मासा कुणी खात नाही. कचरा समजतात. आमच्या घरी शिंगाळ्याच्या तिखल्यावर पाहुणे दोनदा भात घेतात. बाबांनी तो पाण्यात सोडला, पण बराच वेळ त्या जागेकडे बघत होते.

साडेनऊला बोट थांबवून पाण्यात उतरलो. इथली दोन पथ्यं महत्त्वाची. एक, अनवाणी उतरू नका. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, बंद बूट हवेत. पायाला ताजी जखम असेल तर उतरूच नका, कोमट खाऱ्या पाण्यातला जंतुसंसर्ग इथे जिवावर बेतू शकतो. दोन, पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत फरफटत न्यायचं. खाली पाकट पुरलेलं असतं. पाय त्याच्यावर पडला तर शेपटीचा काटा मारतं, पायाने ढकललं तर निघून जातं. नवरा अर्धा तास बर्फावर चालल्यासारखा सरकत होता.

पोलराइज्ड गॉगलशिवाय इथे येऊ नका. गॉगल घातला की चकाकी जाते आणि पाण्याखालचा नकाशा उघडतो: गडद म्हणजे समुद्री गवत, फिकट डाग म्हणजे वाळू. रेडफिश त्या फिकट डागांच्या कडेने फिरतात. बोय उड्या मारत होते (आमच्याकडे त्यांना शेवटे म्हणतात), आणि बाबांना तेवढ्यावर कळलं की खालून कुणीतरी हाकलतंय. ते कॅप्टनला काही विचारत नव्हते. त्याने एकीकडे बोट दाखवायचं, यांनी मान हलवून दुसरीकडे बोट दाखवायचं, मग दोघांनी मध्ये कुठेतरी गळ टाकायचा. एका क्षणी उथळ पाण्यातून तांबूस शेपटी वर आली, बुडाशी काळा डोळ्यासारखा ठिपका, हवेत दोनदा हलली. मासा डोकं खाली घालून चिखलातले खेकडे उकरत होता. बाबांनी त्याच्या पुढे चार हातांवर कोळंबी सोडली. मला वाटलं फार लांब पडली.

"थांब गो, घाय करू नको."

रीळ किंचाळायला लागलं. बाबांनी आयुष्यभर हातात नुसता दोर धरून गरवलेलं, रीळ कसं सैल सोडायचं हे त्यांना सकाळीच दाखवलं होतं. मासा ओढतोय म्हणून त्यांनी सवयीने दोर हाताने पकडला आणि कॅप्टन एवढ्या जोरात ओरडला की दूरचा पेलिकन उडाला. मग मात्र ऐकलं. दहा-बारा मिनिटं लागली. जाळ्यात आला तेव्हा तांब्याच्या हंड्यासारखा चमकत होता.

मापपट्टी. रेडफिश २० ते २८ इंच. कॅप्टनने माशाचं तोंड मिटवलं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवली. सव्वाअठ्ठावीस.

"शेपटी चिमटीत धरल्यान म्हणान वाढलो!"

बाबांनी स्वतःची टेप काढली. भर पाण्यात, बोटीच्या कडेला मोजणी सुरू झाली. कॅप्टन शांतपणे मासा ओला ठेवत उभा. बाबांनी शेपटी न चिमटता मोजलं, पावणेअठ्ठावीस. नियमात शेपटी चिमटीत धरूनच मोजायचं असं आहे, मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा मोजलं, तसं. सव्वाअठ्ठावीस. मोजणी पटली, निकाल पटला नाही.

"पाव इंचासाठी कोण मासो सोडता?"

कॅप्टनला प्रश्न मराठीतच कळला असावा. तो म्हणाला, हा एवढा झाला म्हणजे आता खाडी सोडून समुद्रात जाणार आणि पुढे तीस-चाळीस वर्षंही जगू शकतो, दर वर्षी पिलावळ वाढवत. मग त्याने जुनी गोष्ट सांगितली. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रूडोम या बल्लवाने मसाला लावून काळा होईतो तव्यावर भाजलेला रेडफिश देशभर गाजवला आणि मागणीने मासा संपायची वेळ आली. टेक्सासने १९८१ मध्येच इथल्या रेडफिश आणि ट्राउटच्या विक्रीवर बंदी घातली होती. आजही रेस्टॉरंटमध्ये मिळतो तो तळ्यात पाळलेला. समुद्रातला खायचा तर स्वतः पकडायचा. मी हे सगळं मराठीत सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, त्याने शेपटीने त्यांच्या तोंडावर सपकन पाणी उडवलं आणि गेला.

नंतर मापातले दोन मिळाले, एक लेकीला. तिचा २३ इंच. आजोबांनी मोजून शिक्कामोर्तब केलं.

दुपारी धक्क्यावर मासे साफ करणं हा वेगळाच कार्यक्रम. कॅप्टनची सुरी बघत राहावी अशी. पण त्याने दोन्ही बाजूंचे तुकडे काढून डोकं आणि काटा पाण्यात टाकला, पेलिकन तुटून पडले, आणि बाबा बाकावरून उठले.

"अगो, टकली टाकून देतत ते!"

उरलेली पाच डोकी मी मागून घेतली. कॅप्टनने विचारलं, खेकड्यांसाठी आमिष? मी हो म्हटलं. लाज वाटली म्हणून नाही, समजावत बसायला भूक लागली होती.

बोटीचे आठशे डॉलर झाले, चौघांचे मिळून, आणि वर वीस टक्के टीप. कोळंबी, काठ्या, बर्फ त्यातच. स्वस्त नाही. पण चौघांनी वाटून घ्या आणि अर्ध्या दिवसाचीच बोट घ्या, पूर्ण दिवस ऊन सोसत नाही. मासे घरी न्यायला स्वतःचा बर्फाचा डबा गाडीत ठेवा.

रात्री रेडफिशचे खवल्यांसकट तुकडे, कातडी खाली करून, जाळीवर. इथली हीच पद्धत: खवले चिलखतासारखे तळ सांभाळतात, मांस वरच्या वर शिजतं, चमच्याने काढून खायचं. वरून लोणी-लसणीऐवजी मालवणी मसाला आणि आगळ. ट्राउट रव्यात. ट्राउटचं मांस नाजूक, फ्रीझरमध्ये त्याचा भुगा होतो, तो त्याच दिवशी संपवा. आणि पाच टकल्यांचं सार, बॅगेतून आलेली तिरफळं घालून. नागपूरकराने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

रविवार

पहाटे दार आपटल्याच्या आवाजाने जाग आली. उत्तरेचा वारा. काल २९ अंश, आज १४. धक्क्यावर गेलो तर पाणी गायब! हिरव्या दिव्याखाली चिखल, त्यात एक बावरलेला खेकडा. कॅप्टनचं "वाऱ्याला विचारा" बाबांना आत्ता पटलं. ते चिखलाकडे बघून बराच वेळ "वारो... नुसतो वारो" म्हणत होते.

सकाळी अरान्सस अभयारण्यात क्रौंच बघायचा बेत होता. कॅनडाच्या वुड बफेलोतून चार हजार किलोमीटर उडून हे पांढरे व्हूपिंग क्रेन इथे हिवाळ्याला येतात. १९४१ मध्ये या थव्यात जेमतेम १५ पक्षी उरले होते, आता पाचशेवर आहेत. मनोऱ्यावर वारा एवढा की दुर्बीण स्थिर राहीना. खूप लांब दोन पांढरे ठिपके दिसले. ते क्रेन होते असं आम्ही एकमताने ठरवलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या, तेव्हा बोटीतून जवळून दिसतात.

मग अरान्सस पासहून फुकटच्या फेरीबोटीने पोर्ट अरान्ससला. फेरी पाच-दहा मिनिटांची, पण पुढे डॉल्फिन उड्या मारतात म्हणून लेकीने पुन्हा मागे आणि पुन्हा पुढे अशा तीन फेऱ्या करायला लावल्या. गावात टार्पन इन नावाचं जुनं लाकडी हॉटेल आहे, भिंतींवर तळहाताएवढे टार्पन माशाचे खवले, पकडणाऱ्यांच्या सह्यांसकट. १९३७ चा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीचाही आहे.

फ्लाउंडर राहिला होता. तोच खरा बाबांना हवा होता, कारण तो म्हणजे आपला लेप. जन्मतो इतर माशांसारखा सरळ, मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कायमचा आडवा होतो. थंडीची पहिली झुळूक आली की हे लेप खाडीतून समुद्राकडे अंडी घालायला निघतात आणि वाटेत गावाजवळच्या जहाजांच्या चॅनेलमध्ये दाटी होते. नेमकी याच काळात, १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, त्याला पकडायला बंदी असते. आमच्याकडे शेवटचा आठवडा होता, आणि वारा पथ्यावर पडला.

चॅनेलच्या काँक्रीट काठावर पंधरा-वीस माणसं ओळीने उभी, टोपरी घालून. बहुतेक जण गळ टाकून भराभर गुंडाळत होते. बाबांनी दुकानातून घेतलेली साधी काठी, कोळंबी तळाला टेकवलेली, आणि इतकं हळू ओढणं की नवऱ्याला वाटलं डुलकी लागली. "तो तळाक आसा. तेका उठूक खंय येळ आसा?" लेप पडून राहतो, समोरून काही सरपटत गेलं तर तोंड उघडतो. टोच जाणवली तरी लगेच झटका मारायचा नाही. बाबा पाच-सहा सेकंद थांबले, मग ओढलं. ताटासारखा सपाट, तपकिरी, खालून पांढराशुभ्र. १५ इंच किमान. टेप लावली: सव्वासोळा.

टेप बघून शेजारचा मेक्सिकन आजोबा आपला लेप घेऊन आला. त्याच्याकडे पट्टी नव्हती. मग आणखी एक. अर्ध्या तासात बाबांसमोर चक्क रांग लागली. एका कॉलेजच्या पोराचा मासा त्यांनी दोनदा मोजला, शेपटी चिमटीत धरून, आणि म्हणाले, "फोर्टीन थ्री फोर्थ. नो." पोरगा विनवत होता. बाबांचा चेहरा तोच होता जो बांध सरकवलेल्या शेतकऱ्यापुढे असायचा.

आमच्या लेपाच्या पोटात गाबोळी निघाली. बाबांनी ती कुणालाही न विचारता स्वतः तळली आणि अर्धी नातीला दिली.

सोमवारी रात्री, आमच्याकडची रात्र, आचऱ्याच्या मित्राला फोन झाला. स्पीकरवर. क्रौंच नाही, हिरवा दिवा नाही, सव्वाअठ्ठावीस इंचांचा तांबडा मासा नाही.

"शिंगाळो मिळालो होतो रे," बाबा सांगत होते, "हातभर. तो पण सोडूक लावल्यान."